प्रार्थनेच्या नावाखाली घरची गोष्ट ग्रुपवर गेली

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी खडकीला राहते, वय ४३. सासरचं कोणी विश्वासात नाही, लग्नानंतर मी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून टोमणे खातेच आहे, त्याची आता सवय झाली. पण या वेळी घाव घरातून नाही, मंडळीतून, म्हणजे चर्चच्या लोकांतून बसला. माझा मुलगा प्यायला लागलाय हे मी फक्त मंडळीतल्या एका सिस्टरला, विश्वासातल्या बहिणीला सांगितलेलं, रडत रडत. १२ वर्षांची मैत्री. तिने ते "प्रार्थनेचा विषय" म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, नावासकट. आठवड्यात माझ्या घरी होणारी शुक्रवारची प्रार्थनासभा दुसरीकडे गेली, कारण ज्याचं घर नीट नाही त्याने वचन सांगू नये म्हणे. एकजण म्हणाले घरावर सैतानाचा हल्ला आहे, स्पेशल प्रार्थना करावी लागेल, खर्च येईल. तीन रविवार मी चर्चला गेले नाही. मी चुकतेय का?

उत्तर : नाही चुकत. तीन रविवारांनी कोणी विश्वासातून पडत नाही, पण चौथ्या रविवारी जा, हवं तर मागच्या बाकावर बसा, हवं तर शहरातल्या दुसऱ्या मंडळीत जा, पुण्यात मंडळ्यांना काय तोटा.

आधी पैशाचं मिटवते. प्रार्थनेला बिल लागत नाही. ज्याने खर्च सांगितला त्याला नमस्कार करा आणि दार लावा. आणि दिसेल त्या गोष्टीला सैतान म्हणायची आपल्यात जी सवय लागलीय ना, ती मला पटत नाही. आध्यात्मिक लढाई आहेच, पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही, म्हणजे ती सिस्टर सैतान नाही आणि तुमचा मुलगा तर नाहीच. तिने चुगली केली. प्रार्थनेचा विषय म्हणून केली तरी चुगलीच ती.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात येशूने सांगितलेला क्रम माहितीय तुम्हाला, आधी एकटं जाऊन बोलायचं, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घ्यायचं, मग मंडळी. तसंच करा, मेसेजवर नको, स्क्रीनशॉट फिरतात. क्षमा कराच, पण लगेच पुन्हा सगळं सांगायला बसू नका, क्षमा आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय वाचा एकदा. तुरुंगातला पौल लिहितो की सोबती देमास मला सोडून गेला, आलेक्सांद्र तांबटाने माझं फार वाईट केलं, त्याचं प्रभू बघून घेईल पण तूही त्याच्यापासून जपून रहा. आणि त्याच पत्रात मार्कला घेऊन ये म्हणतो, ज्याच्यावरून पूर्वी त्याचं सोबती बर्णबाशी कडाक्याचं भांडण झालेलं! म्हणजे एकापासून लांब, दुसऱ्याला परत जवळ. आणि मधेच, त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, हिवाळ्याआधी ये. मला हे फार आवडतं, एवढा मोठा प्रेषित, सगळे सोडून गेलेत, आणि तो अंगावर घ्यायला मागतोय.

आपल्या पुण्यातलंच बघा. पंडिता रमाबाईंची विधवा-मुलींसाठीची शाळा, शारदा सदन, १८९० मध्ये मुंबईहून इथे आली. बाई तेव्हा ख्रिस्ती झालेल्या, स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, हिंदू घरातल्या मुली येऊन बसायच्या, त्यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला, केसरीतून टीका झाली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालक मुलींना घेऊन गेले. त्या लोकांची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही, त्यांना धर्म बदलणारी शाळा नको होती. पण आपण विसरतो ते हे की ज्यांच्याकडे त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या त्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनही त्यांच्यावर नाराजच होत्या, बाई हट्टी आहेत, चर्चचं ऐकत नाहीत म्हणून. इकडून धर्मद्रोही, तिकडून गर्विष्ठ. आणि बाई? पुढे दुष्काळात विधवा-मुलींना गोळा करून केडगावला घेऊन गेल्या. दौंडच्या गाडीने जाताना ते स्टेशन लागतं, एकदा जाऊन या.

सभा गेली त्याचं दुःख करा, मनसोक्त करा, पण ती परत मिळवायला भांडू नका सध्या. तुमची सभा गेलीय, तुमचा प्रभू नाही. सकाळी दहा मिनिटं बायबलमधलं स्तोत्र ५५ घेऊन बसा, त्यात दावीद म्हणतो की शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझा मित्र होता. त्याचेच शब्द वापरा, स्वतःचे सुचेपर्यंत.

आणि मुलाचं. तुमच्या अख्ख्या पत्रात त्याच्याबद्दल एकच ओळ आहे ताई. दारू हा आजार आहे, नुसत्या उपास-प्रार्थनेवर सोडू नका. येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतात, तुमच्यापासून फार लांब नाही. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या जाऊन बोला. या आठवड्यातच जा.