आधी पाळीवरच्या माणसाला विचार

प्रिय बाय,

तुझं पत्र मिळालं. एचआरवाले म्हणतात पर्यावरण तुझं, प्लँटवाले म्हणतात माणसं एचआरची, आणि अहवाल मात्र तुझ्या गळ्यात. तुझी ओढाताण कळते. पण ‘आता कुठला कोर्स करू?’ हे वाचून राग आला. तुझ्या कारखान्याचं पर्यावरण जाणणारा माणूस आज रात्रपाळीला ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवर, उभा असेल. त्याला विचारलंस?

सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते, कळायला नमुना 27 अंशांवर 3 दिवस ठेवावा लागतो. टाकीतल्या फेसाचा रंग बदलला, वास फिरला, मोजपात्रात अर्ध्या तासात गाळ नीट बसला नाही, हे ऑपरेटरला त्याच सकाळी दिसतं. रिपोर्ट हातात पडेपर्यंत पाणी नाल्याला लागलेलं असतं. म्हणून म्हणतो, आधी त्याला विचार.

बहुतेक ठिकाणी हा माणूस कंत्राटी. ठेकेदार बदलला की तो जातो आणि त्याची जाणही जाते. आमच्या ऑपरेटरला कायम करा म्हणून मी अडून बसलो. हट्टी ठरलो, बढती हुकली. ते अजून सलतं. पण पावसाच्या तोंडावर त्यानेच मला गोदामामागचं गटार उघडून दाखवलं. पिंपं धुतलेलं तेलकट पाणी थेट पावसाच्या पाण्याच्या वाटेला लागलं होतं. एकाही ऑडिटात ते आलं नव्हतं. माझा हट्ट बरोबर होता, आजही तेच म्हणेन.

आयएसओ 14001:2015 या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकातली 7.2 आणि 7.3 ही कलमं वाच: काम करणाऱ्यांची सक्षमता आणि जाणीव. सेबीचा बीआरएसआर, म्हणजे व्यवसायातली जबाबदारी आणि शाश्वतता मांडणारा अहवाल, बाजारमूल्याने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून सक्तीचा आहे. त्यात कर्मचाऱ्यांचं हित तिसऱ्या तत्त्वात, पर्यावरण सहाव्यात, दोन्ही एकाच अहवालात. 5 जूनला, पर्यावरण दिनी, रोपासोबत फोटो काढणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, बाय!

एचआरच्या साहेबांना एवढंच विचार, सुपरवायझरला इन्सेंटिव्ह कशाचा मिळतो? वीजबिल कमी केल्याचा असेल, तर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद राहणारच. टाकीतले घाण खाणारे जिवाणू हवेवाचून मरतात, आणि सकाळी दोष ऑपरेटरच्या माथी. हे एचआरनेच सुधारायचं आहे. गडबड सांगणाऱ्याची पाळी बदलली, पगार कापला, तर पुढच्या वेळी कोण तोंड उघडेल?

सोमवारी रात्रपाळी लागताना जा. लॅपटॉप नको, वही ने. तो काय म्हणाला ते मला त्याच्याच शब्दांत लिहून कळव.

तुझा,
काका