मुंबईहून श्रीलंकेतल्या ‘ध्यान, देवमासे आणि तारे’ शिबिराला आईला घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा: मुंबईतला एक ग्रुप फेब्रुवारीत श्रीलंकेला मिरिसाच्या किनाऱ्यावर सहा दिवसांचं शिबिर नेतोय. सकाळी ध्यान, दिवसा देवमासे, रात्री आकाशदर्शन. आई ६४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण देवमासा बघायची त्यांना फार हौस. न्यावं, की पैसे पाण्यात जातील?

मी पार्ल्याची. दोन वर्षांपूर्वी माघात अशाच एका शिबिराला नणंदेबरोबर जाऊन आले. आयोजकांचं नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. फक्त जाण्याआधी कुणी पंचांग उघडलं नव्हतं. म्हणजे उघडलं होतं, पण नको त्या कारणासाठी.

झालं असं की शिबिर आध्यात्मिक, म्हणून त्यांनी मुद्दाम माघी पौर्णिमा साधली. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ म्हणतात, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, लोक पांढरे कपडे घालून विहारात जातात, दारूची विक्री बंद असते. (आमच्यातल्या दोन काकांचे चेहरे त्या संध्याकाळी बघण्यासारखे झाले होते.) हे सगळं छानच. पण माहितीपत्रकात त्याच रात्री ‘ताऱ्यांखाली ध्यान’ लिहिलेलं! पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर डोक्यावर असतो. वाळूत आमच्या सावल्या पडत होत्या. आकाशगंगा सोडाच, कृत्तिकांचा पुंजकाही धड मोजता येईना. बावीस माणसं चटया टाकून उताणी पडलेली आणि वर मोजून दहा-बारा तारे. एवढे तर आमच्या गच्चीवरूनही दिसतात.

म्हणून पहिलं काम, आयोजकांना तारखा विचारा आणि कालनिर्णय काढा. आकाशदर्शन हवं असेल तर अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस. पौर्णिमा असेल तर ताऱ्यांचे पैसे तुम्ही फुकट भरताय.

तरी त्या रात्री एक गोष्ट चांगली घडली. मी पूर्वी खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेच्या, कर्जत मार्गावरच्या वांगणीला होणाऱ्या रात्रभराच्या कार्यक्रमांना गेलेली, त्यामुळे चार तारे ओळखते. चंद्र पूर्वेला मघांपाशी होता. पौर्णिमेला मघांच्या आसपास असतो म्हणूनच महिन्याचं नाव माघ. नऊच्या सुमारास मृग आणि व्याध अगदी वर आले होते, आणि व्याधाच्या खाली, दक्षिणेला, समुद्रावर एकटाच ठळक अगस्त्य. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. मुंबईत अगस्त्य फार वर गेला तरी दोन मुठींच्या आतच राहतो, आमच्याकडे तर तो समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे असतो. मिरिसाला तो तीन मुठींवर होता. आणि उलट, मुंबईत जवळजवळ दोन मुठी वर दिसणारा ध्रुव तिथे एका मुठीच्याही खाली, माडांच्या मागे कुठेतरी गडप. नणंद म्हणाली, “म्हणजे आपण खरंच खाली आलोय!” नकाशात जे कळत नाही ते असं कळतं.

मग मी तिला गोष्ट सांगितली, अगस्ती विंध्याला वाकवून दक्षिणेला गेले ते परत आलेच नाहीत, आणि कालकेय राक्षस समुद्रात लपून बसले म्हणून त्यांनी अख्खा समुद्र पिऊन टाकला. ती थोडा वेळ गप्प. मग विचारते, “अगं, मग तेव्हा देवमासे कुठे गेले?” चटईवरची सगळी रांग हसायला लागली. ध्यान घेणारे सर ‘श्वासाकडे लक्ष’ म्हणत होते, पण तोवर लक्ष गेलं ते गेलंच.

आता देवमासे. इथे मात्र माझी काही तक्रार नाही.

मी याआधी एकच देवमासा पाहिला होता, तोही मेलेला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला तीस फुटांहून मोठा ब्राइड्स देवमासा वाहून आला होता. सकाळी चालत गेले. नाकाला पदर लावून उभे लोक, त्याच्या पाठीपाशी फोटो काढणारी पोरं आणि भेळवाल्यांच्या गाड्या. त्याच्या गळ्यावरच्या लांब लांब पन्हाळ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. घरी येऊन मी जेवले नाही. त्यामुळे जिवंत बघायचा होता, आणि त्यासाठी मिरिसा ही जागा खरोखर योग्य आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला उथळ समुद्राचा पट्टा फार अरुंद आहे. थोडंसं आत गेलं की तळ एकदम खोल जातो, त्यामुळे निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, किनाऱ्यावरून सकाळी जाऊन दुपारी परतता येईल इतका जवळ येतो. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. तुमचं शिबिर फेब्रुवारीत आहे ते उत्तम. जूनमध्ये कुणी मिरिसाला नेतो म्हणालं असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं, कारण तेव्हा तिकडेही पावसाळी वारे आणि खवळलेला समुद्र.

हॉटेलातून साडेपाचला निघायचं, साडेसहाच्या सुमाराला मासेमारी बंदरातून बोट. पहिल्या दिवशी चार तास फिरलो आणि काहीही दिसलं नाही. डॉल्फिन दिसले, खूप दिसले, उड्या मारत गिरक्या घेणारे, पण देवमाशासाठी आलेल्या माणसाला डॉल्फिन म्हणजे लग्नाच्या पंगतीत नुसती कोशिंबीर. आठ जणांना बोट लागली. परतताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि सर म्हणाले हेच खरं मौन.

दुसऱ्या खेपेला, दोन तासांनी, टपावर उभा असलेला खलाशी नुसतंच बोट दाखवून ओरडला. लांबवर पाण्यातून एक पांढरा खांब वर गेला आणि वाऱ्याने विरला. बोट वळली. सरांनी सगळ्यांना डोळे मिटून ओंकार म्हणायला सांगितलं. आता मला सांगा, देवमासा बघायला एवढं लांब येऊन डोळे कोण मिटेल? मी नाही मिटले. आधी श्वासाचा आवाज आला, गाडीच्या टायरची हवा एकदम सोडावी तसा. मग पाठ. ती पाठ आपल्या मनात असते तशी ‘येते आणि जाते’ असं होत नाही. ती सरकत राहते, सरकत राहते, राखाडी-निळी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तुम्हाला वाटतं आता संपली, तरी सरकत राहते. शेवटी अगदी मागे एक इवलासा पर, एवढ्या देहाला न शोभणारा. मग शेपटी वर आली, पाणी निथळलं, आणि तो गेला. ओंकार कधीच बंद पडला होता. सगळ्यांत ज्येष्ठ काकू मोठ्यांदा म्हणाल्या, “अगं बाई, केवढा हा!”

तो गेल्यावर पाण्यावर एक गुळगुळीत गोल राहतो, तेल सांडल्यासारखा. शेपटीच्या फटक्याने खालचं पाणी वर येऊन तो तयार होतो. आजूबाजूला लाटा आणि मध्ये हा शांत पाट. आणि थोड्या अंतरावर पाण्यावर मोठा विटकरी-लाल डाग तरंगत होता. पुढे बसलेल्या दोघींनी त्याला हात जोडले. खलाशी हसायला लागला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ती त्याची शी आहे. रंग लाल, कारण इथला निळा देवमासा बारीक कोळंबी खातो, आणि ती कोळंबी आपल्या जवळ्याच्याच कुळातली. विचार करा, पाऊणशे फुटांचा प्राणी आणि जेवायला जवळा! नणंद सीकेपी, तिला हे फार पटलं. हात जोडणाऱ्या तशा चुकल्या नाहीत म्हणा, कारण त्या शीतल्या लोहाने समुद्राला खत मिळतं.

बोटींची गर्दी मात्र मनाला लागते. एक फवारा दिसला की सात-आठ बोटी चहूबाजूंनी धावतात. शंभर मीटरच्या आत जाऊ नये असा नियम आहे, पण पाळणारे आणि न पाळणारे दोन्ही आहेत. आयोजकांना विचारा बोट कुणाची, ती अंतर ठेवते का. आणि क्षितिजावर कंटेनरची अवाढव्य जहाजं एकामागून एक जात असतात. तो जगातल्या फार वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक, नेमका देवमाशांच्या चरण्याच्या जागेवरून जाणारा. जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, पण बाकीची वाहतूक तशीच चालू आहे. आमच्या सरांनी ‘समुद्राशी एकरूप व्हा’ याच्यावर दोन तास घेतले, यावर दोन मिनिटंही नाही.

ध्यानाबद्दल थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखं फार नाही. पहाटे बोट, म्हणून सकाळचं सत्र दुपारी तीनला गेलं. पोटात भात आणि पोल सांबोल (तिथली खोबऱ्याची तिखट चटणी), बाहेर उकाडा, वर पंखा. पाचव्या मिनिटाला घोरण्याचा पहिला सूर लागायचा. रात्री तारे आणि पहाटे पुन्हा बोट. मी बऱ्याच वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलंय. तिथे पहाटे चारला घंटा, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन, फोन जमा, वही-पेनसुद्धा नाही, आणि शुल्क शून्य. त्याच्यापुढे हे ध्यान म्हणजे सहलीला लावलेली अत्तराची काडी. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. सहल म्हणून किंमत ठरवा, मग महाग वाटली तर वाटू दे.

तेव्हा आईंना नक्की काय हवंय ते एकदा विचारा. ध्यान हवं असेल तर इगतपुरी आहे. दहा दिवस जास्त वाटले तर आधी गोराईच्या पॅगोडात जाऊन या, २००९ मध्ये सुरू झालेला तो बिनखांबांचा घुमट बघण्यासारखा आहेच, आणि येणाऱ्यांना तिथे थोडा वेळ आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, शिकवतात. तारे हवे असतील तर अमावास्येच्या जवळचा शनिवार आणि वांगणीला जायला कर्जत लोकल, बाकी काही लागत नाही. पण देवमासा हवा असेल तर मुंबईजवळ पर्याय नाही. कोकणात हर्णै-मुरुडला, तारकर्लीला डॉल्फिन दाखवतात. २०१५ मध्ये कुणकेश्वरच्या समोर निळा देवमासा पिल्लासकट दिसल्याची नोंद आहे, पण त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक किनाऱ्याला लागून मेलाही. तिकीट काढून खात्रीने बघावं असं तिथे काही नाही. कुणी म्हणत असेल तर त्याला लांबून नमस्कार.

मला विचाराल तर न्या. फक्त कार्यक्रमात बोटीच्या निदान दोन सकाळी आहेत ना, ते लिहून घ्या. एकाच सकाळीवर गेलो असतो तर आम्ही डॉल्फिनची कोशिंबीर खाऊन परत आलो असतो.

गुडघ्यांसाठी: बोटीला दोन मजले असतात, वरचा सगळ्यांना हवा असतो, पण तो जास्त हलतो आणि शिडी उभी असते. आईंना खालीच, मागच्या बाजूला मध्यावर बसवा, तिथे डोलणं सगळ्यात कमी. बोट लागण्याची गोळी त्यांच्या डॉक्टरांना विचारून आदल्या रात्रीपासूनच ठरवा, उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. नाश्ता बोटीवर देतात, पण आम्ही नेलेले खाकरे आणि आवळा सुपारीच शेवटी सगळ्यांनी मागून खाल्ली. बोटीवरचा संडास अगदी चिंचोळा आहे, ते त्यांना आधी सांगून ठेवा. कोलंबोच्या विमानतळावरून मिरिसा तीनेक तासांचा रस्ता आहे. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलं तर पहिला दिवस झोपेतच जातो, दिवसाचं बघा.

आणि पहाटे बंदराकडे निघायच्या आधी, पावणेपाचला, आईंना दोन मिनिटं किनाऱ्यावर उभं करा, तोंड दक्षिणेला. चंद्र असला तरी हे दिसतं. समुद्रावर दोन मुठींवर त्रिशंकू (इंग्रजीत सदर्न क्रॉस), पतंगासारखा तिरका, आणि त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. मुंबईतून त्रिशंकू क्षितिजाच्या धुरकटात कधीतरी सापडतो, नाहीतर नाहीच.

शिबिराच्या नेमक्या तारखा इथे खाली टाका, तिथी बघून सांगते.