गोधडी हातात घ्यावीशीच वाटत नाही!

आवडीचं काम अचानक नकोसं झालं की माणूस घाबरतो. समुपदेशनासाठी माझ्याकडे हा प्रश्न कधी घरी केक करणारी मुलगी घेऊन येते, कधी निवृत्तीनंतर तबल्याचे क्लास घेणारे काका, कधी मेंदी काढणाऱ्या ताई. विचारणं साधारण एकच असतं: ‘मॅडम, हे मला इतकं आवडायचं, आता बघवत नाही. मी आळशी झाली का, की मला डिप्रेशन आलं?’ त्यातलीच एक हकीगत सांगते. जिची आहे तिला विचारून आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून. त्यांना इथे काकूच म्हणू.

काकू पंचावन्नच्या पुढच्या. घर नागपुरातच. मुलगा-सून पुण्याला, यजमान खासगी कंपनीतून निवृत्त. मुलाचं लग्न होऊन तो गेला आणि काकूंना दुपार खायला उठली. दिवाणात आईची जुनी सुती लुगडी पडून होती. द्यायचं मन होत नव्हतं, नेसणार कोण हाही प्रश्नच. एक दिवस त्यांनी ती धुऊन, उन्हात वाळवून गोधडी शिवायला घेतली.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जमिनीवर एक लुगडं ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, असेल ते वजन ठेवायचं. त्यावर दुसरा थर, तिसरा थर. मधे फाटके परकर, विरलेली धोतरं, कुणाच्या शर्टाची पाठ. दरवेळी तळहाताने मधून कडेकडे सुरकुती काढत न्यायची. मग मोठ्या कच्च्या टाक्यांनी सगळे थर धरून ठेवायचे, आणि नंतर खरी शिलाई: जाड सुई, दुहेरी दोरा, साधा धावदोरा, कडेपासून आत आत. जुन्या सुती कापडातली खळ निघून गेलेली असते, म्हणून सुई अडत नाही. नव्या कापडात ती जोर मागते आणि जॉर्जेट तर हातातून निसटतं. थरांमध्ये हवा अडकून राहते तीच ऊब. नागपूरला उन्हाळ्यासाठी नावं ठेवणाऱ्यांना मी 29 डिसेंबर 2018 ची आठवण देते. त्या पहाटे पारा 3.5 अंशांवर आला होता! आणि मे महिन्यातसुद्धा रात्रभर कूलर चालला की पहाटे चार वाजता पायाशी गोधडी हवीच असते.

काकूंना या कामाची गोडी लागली. दुपारी दीडला भांडी आटोपली की त्या खिडकीशी बसायच्या. त्यांचं वाक्य मी लिहून ठेवलंय: ‘हात चालू राहिला की डोकं आपोआप गप्प बसते.’ यात गूढ काही नाही. एकाच लयीत चालणारं काम, डोळ्यांसमोर वीतभर वीतभर पुढे सरकणारं, आणि चुकलं तर टाका उसवून पुन्हा घालता येणारं. घरात बाईने केलेलं बहुतेक काम संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. पोळ्या खाल्ल्या जातात, ओटा पुन्हा खरकटा होतो. गोधडी मात्र काल जिथे सोडली तिथेच सापडते. शेजारच्या दोघी येऊन बसायला लागल्या. नजर कापडावर असली की बायका जे बोलतात ते समोरासमोर चहा घेताना कधी बोलत नाहीत. माझ्या खुर्चीसमोरही लोक पुष्कळदा ओढणीच्या टोकाशी चाळा करतानाच मनातलं सांगतात.

मग कौतुक सुरू झालं. भिशीत एक गोधडी गेली, सगळ्यांनी हात फिरवला. सुनेने फोटो टाकले, तिने ते प्रेमानेच केलं. यजमान म्हणाले, ‘एवढा वेळ घालवतेस तर चार पैसे तरी येऊ दे.’ ऑर्डरी आल्या. गिऱ्हाइकाला जुनं कापड चालेना, म्हणून गांधीबागेच्या कापडबाजारातून नवं कापड आलं. सारखे चौकोन, पिस्ता आणि राखाडी रंग, बाळाचं नाव, बारशाच्या आधी हवीच. शेजारणी आल्या तर काकू म्हणायच्या, आज नको, टाका चुकेल. चार महिन्यांनी मान आखडली, झोप उडाली आणि सुईचा डबा दिसला तरी पोटात गोळा यायला लागला. घरात सगळे विचारत होते, ‘तुला तर आवडतं ना हे?’

त्या आल्या तेव्हा मी आधी मनातली मोठी शंका तपासली. रस संपणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण आहे, ते सोडून पुढे जाता येत नाही. बोलताना कळलं की जेवण ठीक, सकाळचं फिरणं ठीक, नातीचा व्हिडिओ कॉल आला की खुलतात, पोळ्याच्या सणाला झडत्या (बैलांसमोर म्हणतात ती गमतीची कवनं) ऐकायला गेल्या होत्या. नकोशी फक्त सुई झाली होती. बोटांना मुंग्या येत होत्या, त्यासाठी हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मनगट दुखत असताना मनाचे सल्ले देणं मला पटत नाही.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना दोन गोधड्या आणायला सांगितल्या, पहिली आणि सध्या चालू असलेली. टेबलावर दोन्ही पसरल्या. ऑर्डरची अगदी नेटकी होती, खडूने आखलेल्या रेघेवरून टाके गेलेले. पहिलीतले टाके कुठे तांदळाएवढे, कुठे पेराएवढे. मधेच यजमानांच्या शर्टाचा खिसा होता तसाच शिवलेला, त्यात त्यांनी गंमत म्हणून एक लवंग टाकली होती. मी म्हटलं, मला यांच्याबद्दल सांगा. पहिलीवर हात फिरवत त्या वीस मिनिटं बोलल्या: ही आईची नागपुरी साडी, हा मुलाचा शाळेतला सदरा, इथे दोरा संपला म्हणून निळा लावला. दुसरीबद्दल बोलताना दर सांगितला, तारीख सांगितली आणि घड्याळाकडे पाहिलं.

मला फारसं काही समजावून सांगावंच लागलं नाही. तरी एक प्रयोग सांगितला, कारण त्यांच्या मनातला ‘मी नाटकं करते’ हा शब्द जायला हवा होता. 1973 मध्ये अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायला आवडणारी बालवाडीची मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस. काहींना बक्षीस अचानक दिलं. काहींना काहीच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्र काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. काकू लगेच म्हणाल्या, ‘नणंदेनं गोधडीच्या बदल्यात साडी दिली होती, तेव्हा नव्हतं ना असं झालं!’ मोबदल्याने बिघडत नाही, मोबदल्यासाठीच करायला लागलं की बिघडतं, हे त्यांनी स्वतःच पकडलं.

इथे एक सांगायला हवं. विकणं वाईट असं मी मुळीच म्हणत नाही. बिहारमधल्या बायका सुजनी, म्हणजे तिकडची गोधडीच, शिवून कमावतात, आपल्याकडेही गोधडीवर घर चालवणाऱ्या आहेत, आणि त्यांतल्या अनेकींना ते आवडतं. काकूंचा प्रश्न वेगळा होता. विकायचं हे त्यांनी ठरवलंच नव्हतं, ते त्यांच्यासाठी ठरलं होतं.

म्हणून यजमानांना बोलावलं. ते रागावलेले नव्हते, कानकोंडे होते. थोड्या वेळाने खरं बाहेर आलं. ईपीएफची पेन्शन तुटपुंजी (तिची किमान रक्कम 2014 पासून महिन्याला 1000 रुपयेच आहे), मुलाकडे मागायला जीव धजत नाही. म्हणजे पैशाची गरज खोटी नव्हती, ती फक्त गोधडीच्या आडून बोलली जात होती. ती उघड झाल्यावर बोलणं सोपं झालं. काकूंना साडीला फॉल लावणं आणि पिको करणं येतं. त्यात त्यांना ना आनंद ना दुःख. ‘ते मी टीव्ही बघताबघता करते,’ त्या म्हणाल्या. मग कमाई तिकडून करायचं ठरलं. कॉलनीत लग्नसराईला फॉल-पिकोला तोटा नसतो. हातातली एक ऑर्डर पुरी केली, दोघींची आगाऊ रक्कम परत केली. परत करताना लाज वाटली, एकीने चार शब्द ऐकवलेही. ते ऐकून घेण्याची तयारी आम्ही आधी बोलून केली होती.

उरला तो नेहमीचा प्रश्न: ‘काकू, ही केवढ्याला द्याल?’ यावर उत्तर ठरवून, मोठ्याने म्हणून पाहायला लावलं: ‘विकायची नाही, माझी आहे.’ पहिल्यांदा म्हणताना त्या हसल्याच. आपल्याकडच्या बाईला ‘माझी आहे’ म्हणायची सवय किती कमी, ते अशा वेळी दिसतं. आणि काही आठवडे सुईला हातच लावायचा नाही, असंही सांगितलं. इच्छा झाली तर थोडं थांबायचं, लगेच बसायचं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाचं असंच होत असेल तर आधी हे पाहा: नकोसं एकच काम झालंय की सगळंच? एकच असेल तर त्या कामात कुणाची तारीख, कुणाची नजर, कुणाचा दर शिरलाय का ते शोधा. सगळंच बेचव लागत असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक बिघडली असेल, जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर छंदाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. मानसिक त्रासात मदतीसाठी टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

काकूंचा मधे फोन आला होता. नवी गोधडी सुरू आहे, टाके पुन्हा वाकडे येताहेत. शेजारणीही दुपारी यायला लागल्यात, त्यातली एक फक्त सुईत दोरा ओवून देते आणि गप्पा मारते. सुनेने विचारलं, तिच्या मैत्रिणीसाठी एकच करून द्याल का, घाई नाही. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ‘मॅडम, तुम्हाले विचारायच्या आधीच मी नाही म्हणून बसली,’ त्या म्हणाल्या, ‘आता ती माहेरी रुसून नको बसू दे म्हणजे झालं.’