निर्माता होण्याची घाई करण्यापूर्वी

विनोदी मालिकेचे लेखन नुकतेच हाती घेतले असताना तुम्हाला निर्माताही व्हायचे आहे, म्हणून नॉर्मन लिअर यांची वाटचाल आधी बारकाईने पाहावी, असे मी सुचवेन. 1922 साली जन्मलेल्या या अमेरिकी लेखकाने 1950 च्या दशकात एड सिमन्स यांच्या जोडीने डीन मार्टिन आणि जेरी लुईस या विनोदी नटांच्या जोडीसाठी दूरचित्रवाणीवरील प्रहसने लिहिली. 12 जानेवारी 1971 रोजी सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर त्यांची 'ऑल इन द फॅमिली' ही विनोदी मालिका सुरू झाली, तोवर त्यांच्या हाताला वीस वर्षांचे वळण होते. एका ब्रिटिश मालिकेवर बेतलेल्या या कल्पनेचे दोन नमुना भाग एबीसी या दुसऱ्या वाहिनीने आधी करवून घेतले आणि दोन्ही नाकारले. (तुमची संहिता एकदाच परत आली आहे, हे लक्षात घ्यावे.)

ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे, त्यामुळे कोणते वाक्य पडले हे लेखकांना तिथल्या तिथे कळे. तुम्हाला ती सोय नसेल, तर लेखन पक्के करण्यापूर्वी नटांकडून ते मोठ्याने वाचून घ्यावे आणि स्वतः गप्प बसावे. दुसरे अधिक कठीण जाते.

निर्मातेपदाचा खरा उपयोग पैशापेक्षा संहिता वाचवण्यासाठी होतो. या मालिकेतील आर्ची बंकरसारखा पूर्वग्रहांनी भरलेला नायक वाहिनीला खटकत असताना लिअर यांना वाद घालता आला, कारण ते केवळ लेखक नव्हते. याच मालिकेतील दुय्यम पात्रांतून पुढे 1972 मध्ये 'मॉड' आणि 1975 मध्ये 'द जेफरसन्स' या स्वतंत्र मालिका उभ्या राहिल्या, तेव्हा तुमच्या कथेतील शेजाऱ्यालाही स्वतःचे घर आणि स्वतःचे भांडण द्यावे.