तरतुदीचा रकाना आधी वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर तुझी निवड झाली आणि पहिल्याच बैठकीत कुंपणाची भिंत व पंधरा ऑगस्टचा खाऊ यांपलीकडे चर्चा गेली नाही, असे तू कळवले आहेस. देशाचे भवितव्य शाळेत घडते असे आपण भाषणांतून ऐकत आलो, पण ते या बैठकीत कुठे दिसले नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात गेली, त्यामुळे माझे उत्तर तुला थोडे हिशेबी वाटेल. शिक्षणाबद्दल शासनाच्या मनात खरोखर काय आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर धोरणाची प्रस्तावना नंतर वाच. खर्च कोणी करायचा आणि मूल शाळेबाहेर राहिले तर जाब कोणी द्यायचा, या दोन गोष्टी कुठे लिहिल्या आहेत ते आधी शोध.

हा मुद्दा आपल्याकडे पहिल्यांदा रोखठोकपणे मांडला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी शासनाला त्याचाच जमाखर्च दाखवला : महसूल बव्हंशी शेतकऱ्यांच्या श्रमांतून येतो आणि त्यातून उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितलेच. पण तेवढ्यावर न थांबता शिक्षकाला दरमहा किमान बारा रुपये पगार असावा, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत आणि मुलांना मोडी व बालबोध (देवनागरी) वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीची प्राथमिक माहिती मिळावी, इतक्या तपशिलात ते गेले. ज्याला काम व्हायला हवे असते तो माणूस पगाराचा आकडा लिहितो.

त्यानंतरची गोष्ट गोपाळ कृष्ण गोखले यांच्या विधेयकाची. ती अभ्यासक्रमात एका ओळीत उरकली जाते, म्हणून येथे जरा थांबतो. १९१० मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि मार्च १९११ मध्ये विधेयक आणले. ते किती सावध होते हे त्यातील अटी वाचल्यावरच कळते. सक्ती साऱ्या देशाला लागू नव्हती. जेथे मुलांची ठरावीक टक्केवारी आधीच शाळेत जात असेल, तेथील नगरपालिकेने किंवा स्थानिक मंडळाने सरकारच्या परवानगीने ती सुरू करायची होती, तीही सहा ते दहा या वयापुरती. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ होती. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलावेत, अशी मांडणी होती. इतके नेमस्त विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा नाही, शिक्षक नाहीत, लोकांचीच मागणी नाही, अशी कारणे दिली गेली. विरोध केवळ इंग्रज अधिकाऱ्यांचा नव्हता. शेतमजुराचे पोर शाळेत बसले तर गुरे कोण राखणार, ही चिंता असणारे आपल्यातही कमी नव्हते. ही तिन्ही कारणे थोड्या वेगळ्या शब्दांत तुला आजही ऐकू येतील.

आणि गंमत अशी की 'पैसा नाही' म्हणणाऱ्या सरकारच्या शेजारीच दोन संस्थाने हे काम करून दाखवीत होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, त्यातल्या अडचणी पाहिल्या आणि १९०६ मध्ये तो साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. दंडाची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्याआधीची तयारी अधिक महत्त्वाची वाटते. १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहत होती आणि १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या गेल्या होत्या. शिकून पुढे काय, याचे उत्तर पालकासमोर होते. एवढ्यावरून राजेशाहीच बरी, असा निष्कर्ष मात्र काढू नकोस. राजाला बहुमत जमवावे लागत नाही, पण चांगला राजा गेल्यावर पुढचा कसा निघेल हे कोणाच्या हाती नसते.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे सांगितले. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व होते. मुदत उलटली म्हणून न्यायालयात दाद मागता येत नव्हती. मूलभूत हक्क व्हायला २००२ ची ८६वी घटनादुरुस्ती लागली, शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून सुरू झाला. गोखल्यांच्या पराभवानंतर ९८ वर्षांनी! दरम्यान १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च करण्याची शिफारस केली होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तोच आकडा उद्दिष्ट म्हणून पुन्हा आला आहे. आपल्या राज्यात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, त्यातून अभियंते पुष्कळ झाले. पण फी भरू शकणाऱ्या घरांकडे शिक्षण सरकले, हेही त्याच निर्णयाचे फळ आहे.

आता तुझ्या समितीकडे येतो. २००९ च्या कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. शिक्षकांची रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावीत, तसेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये, हेही कायद्यातच आहे. म्हणून पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांकडून मंजूर पदे, भरलेली पदे आणि अनुदानाची पासबुके मागून घे. आवाज चढवू नकोस. बहुतेक मुख्याध्यापकांना असे विचारणारे कोणीतरी हवेच असते, कारण तीच मागणी समितीच्या ठरावासह वर गेली की तिला वजन येते. भिंतीला रंग आणि वर्गात मोठा पडदा लागला की शाळा 'डिजिटल' झाल्याचे फोटो निघतात. दोन वर्गांना एकच शिक्षक आहे, हे फोटोत दिसत नाही.

तुमच्या भागात याहून निकडीचे एक काम आहे. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि आईबापांबरोबर मुलेही फडावर जातात. पट कमी झाला की शिक्षकाचे पद धोक्यात येते, आणि पद गेले की परतलेल्या मुलांना शिकवायला माणूस राहत नाही. मुले आजी-आजोबांकडे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण त्यासाठी मुलांची यादी आणि समितीचा प्रस्ताव वेळेत जावा लागतो. टोळी निघून गेल्यावर केलेला प्रस्ताव कागदावरच राहतो. टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांनी उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, वाटायला सुरुवात केली की कोणती घरे जाणार हे गावात सगळ्यांना माहीत असते. त्याच आठवड्यात अंगणवाडीताई आणि एका शिक्षकाला बरोबर घेऊन घरोघर फिर, किती मुले जाणार आणि त्यांच्यामागे घरी कोण राहणार ते लिहून काढ, आणि प्रस्ताव पंचायत समितीत देताना पोच घ्यायला विसरू नकोस. मसुदा मला आधी पाठवलास तर मी तपासून देईन.

तुझा,
काका