एकोला दिसतं, मग माझ्या प्रोग्रॅमला का नाही?

प्रश्न: सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सी मधे छोटा सर्व्हर लिहिलाय, पोर्ट नंबर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घ्यायचाय. उबुंटूच्या टर्मिनलवर पोर्ट इक्वल टू ८०८० टाकलं, एको केलं की ८०८० येतं, पण प्रोग्रॅम रन केला की सेगमेंटेशन फॉल्ट. मित्र म्हणतो सरळ विंडोज टाक. सोमवारी व्हायवा आहे, प्लीज सांगा.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: विंडोज बिंडोज काही टाकू नकोस. तू जे टाइप केलंस ते शेलचं (टर्मिनलमधे तुझ्या कमांड वाचणारा प्रोग्रॅम) स्वतःचं व्हेरिएबल झालं, एन्व्हायर्नमेंटमधे, म्हणजे रन होणाऱ्या प्रोग्रॅमला सोबत मिळणाऱ्या यादीत, ते गेलंच नाही, आणि एकोला दिसतं कारण डॉलरवाल्या नावाच्या जागी किंमत शेलच भरून देतो, एकोच्या हातात नुसतं ८०८० पडतं. त्यापेक्षा प्रिंटएन्व्ह आणि पुढे व्हेरिएबलचं नाव, असं करून बघ, काहीच छापणार नाही. मग सुरुवातीला एक्सपोर्ट लावून तीच ओळ टाक (इक्वल टूच्या आजूबाजूला स्पेस नको हां), चालेल.

पण क्रॅश झाला तो तुझ्या कोडमुळे. नाव सापडलं नाही की गेटएन्व्ह (एन्व्हायर्नमेंटमधून किंमत आणणारं फंक्शन) नल पॉइंटर देतं, म्हणजे कुठेच न दाखवणारा, आणि तू बहुतेक ते तसंच उचलून एटूआयच्या (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) कंसात टाकलंयस. आधी कॅर पॉइंटरमधे घे, नल आहे का बघ, असेल तर डिफॉल्ट पोर्ट वापर. आता गंमत अशी की कोणी किंमत रिकामी ठेवून एक्सपोर्ट केलं तर नल येत नाही, रिकामी स्ट्रिंग येते, एटूआय तिचं शून्य करतं, आणि शून्य पोर्टवर बाइंड केलं (सर्व्हर त्या पोर्टला जोडला) की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला आवडेल तो मोकळा पोर्ट देतो. एरर नाही, काही नाही, सर्व्हर मजेत चालू आणि तू ब्राउझरमधे ८०८० मारत बसलायस! म्हणून एटूआय सोड, स्ट्रटूएल वापर, तेही आकडाच करतं, पण त्यात आकडा कुठे संपला ते कळतं, म्हणजे रिकामी स्ट्रिंग पकडता येते.

गेटएन्व्हकडून मिळालेल्या स्ट्रिंगमधे काही लिहू नको, बदल करायचा तर स्ट्रडपने कॉपी काढ.

आणि एक्स्टर्नलनी विचारलं की प्रोग्रॅममधे सेटएन्व्ह केलं (व्हेरिएबलची किंमत बदलली) तर टर्मिनलमधे बदल दिसेल का, तर नाही. चाइल्ड प्रोसेसला (तुझा प्रोग्रॅम) पेरेंटच्या (इथे शेल) एन्व्हायर्नमेंटची झेरॉक्स मिळते, तिच्यावर काय वाट्टेल ते खरड, ओरिजिनलला फरक पडत नाही. एक्सपोर्टसुद्धा त्याच टर्मिनलपुरतं, दुसरी विंडो उघडलीस तर परत कर.