शस्त्रं कुणी दिली यापेक्षा कुणी वाटली ते बघ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा नीट वाचला. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात होत्या त्या काळात तिथल्या बंडखोरांना बाहेरून जी गुप्त मदत पोचली, तो विषय तू घेतलास याचा मला मनापासून आनंद झाला. आपल्याकडे त्या दशकाबद्दल दोन-तीन ठरलेल्या वाक्यांपलीकडे फारसं कुणी जात नाही. श्रीनगरपासून कंदाहारच्या विमानतळापर्यंत आपल्याला पुढे जे भोगावं लागलं, त्यातले बरेच धागे मात्र तिथूनच निघतात.

पण एक गोष्ट खटकली, ती आधी सांगतो. तुझ्या आराखड्यात देणाऱ्यांची नावं पानोपानी आहेत: कार्टर, रेगन, सीआयएचे विल्यम केसी, टेक्सासचे काँग्रेस-सदस्य चार्ली विल्सन, सौदी गुप्तचर प्रमुख राजपुत्र तुर्की. घेणारे सगळे तू ‘मुजाहिदीन’ या एका नावाखाली कोंबलेस. मधला माणूस तर जवळजवळ गायबच आहे. या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या मधल्या माणसाकडे होती. प्रबंध तिथून उभा कर.

मालाचा प्रवास डोळ्यांपुढे आण. सीआयए शस्त्रं विकत घ्यायची ती बहुतेक सोव्हिएत बनावटीची किंवा त्यांच्या नकला, आणि घ्यायची चीनकडून, इजिप्तकडून. उद्या एखादी बंदूक सापडलीच, तर ती रशियनांकडूनच हिसकावली असं म्हणायची सोय हवी. अमेरिकेच्या प्रत्येक डॉलरमागे सौदी अरेबिया एक डॉलर घालायचा. जहाज कराचीला लागलं की माल पाकिस्तानच्या आयएसआयच्या ताब्यात. तिथून रावळपिंडीजवळची ओझरी छावणी, मग ट्रकनं पेशावर किंवा क्वेट्टा, मग पक्षांची गोदामं, आणि तिथून पुढे खेचरांच्या पाठीवरून डोंगरातल्या वाटा. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक यांची अट स्पष्ट होती: अमेरिकनांनी अफगाणांच्या हातात थेट काही द्यायचं नाही. वॉशिंग्टननं ती मुकाट्यानं मान्य केली, कारण त्यांना रशियाला घायाळ करायचं होतं. काबूलमध्ये पुढे कुणाचं राज्य यावं याचा विचार करायला तिथे कुणाला फुरसत नव्हती. तो विचार रावळपिंडीत चालला होता, आणि अगदी बारकाईनं.

म्हणून १९७९ पासून सुरुवात करू नकोस. १९४७ पर्यंत मागे जा. पाकिस्तानला संयुक्त राष्ट्रांत प्रवेश देण्याच्या ठरावाविरुद्ध मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता. ड्युरंड रेषा, म्हणजे ब्रिटिशांनी आखलेली दोन देशांमधली सीमा, काबूलनं कधी मनापासून मानली नाही आणि पश्तुनिस्तानची, म्हणजे पश्तूनांच्या वेगळ्या प्रदेशाची, मागणी तिथून सतत होत राहिली. त्यामुळे पश्तून राष्ट्रवादी, पदच्युत राजा झहीर शाहचे समर्थक, जुन्या टोळ्यांचे मानकरी यांच्यापैकी कुणाच्याही हाती काबूल जाणं पाकिस्तानला नको होतं. राष्ट्राच्या आधी धर्माचं नाव घेणारे लोक त्यांना सोयीचे होते. असे लोक हाताशीही होते. १९७० च्या दशकाच्या मध्यावर काबूलहून पळून आलेल्या गुलबुद्दीन हिकमतयार, बुऱ्हानुद्दीन रब्बानी, अहमद शाह मसूद या तरुणांना भुट्टोंच्या सरकारनंच आसरा आणि प्रशिक्षण दिलं होतं. १९७५ मध्ये पंजशीरमध्ये त्यांनी केलेला उठाव फसला. रशियन रणगाडे यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. अमेरिकेचा पैसा आला तो या आधीच खणलेल्या पाटातून वाहिला.

आता वाटप. आयएसआयनं पेशावरमध्ये सात पक्षांना मान्यता दिली आणि शस्त्रं फक्त त्यांच्यामार्फत जातील असं ठरवलं. गावातला एखादा लढवय्या कितीही शूर असो, सातांपैकी एकाचा शिक्का नसेल तर त्याला काडतूससुद्धा मिळायचं नाही. याहून महत्त्वाची गोष्ट तुझ्या आराखड्यात कुठेच नाही: निर्वासितांचा शिधा. सीमा ओलांडून पेशावरला पोचलेल्या कुटुंबाला नोंदणी हवी असेल, पीठ, तेल, तंबू हवा असेल, तर आधी कुठल्या तरी पक्षात नाव घालावं लागायचं. ज्या बाईचा नवरा बॉम्बहल्ल्यात गेला आणि जी तीन पोरं घेऊन खैबर उतरली, तिला त्या रांगेत ‘कुठल्या पक्षाची?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. पक्षांची ‘लोकप्रियता’ अशी तयार झाली. तू सदस्यसंख्येचे आकडे देणार असशील, तर हे त्यांच्या शेजारी लिहिल्याशिवाय देऊ नकोस.

लोकांना खरंच काय हवं होतं, हे विचारणारा एक माणूस होता. सय्यद बहाउद्दीन मजरूह. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कवी. पेशावरमध्ये त्यांनी अफगाण माहिती केंद्र चालवलं आणि निर्वासितांमध्ये पाहणी केली. बहुसंख्यांनी कल दिला तो झहीर शाहच्या बाजूनं. सात पक्षांपैकी कट्टर इस्लामी पक्षांच्या नेत्यांना हे परवडणारं नव्हतं. निष्कर्ष छापून आले आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये मजरूह यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या. संशय सातांपैकी एका पक्षाचा नेता असलेल्या हिकमतयारच्या माणसांवर होता, शिक्षा कुणालाच झाली नाही. मला वाटतं, तुझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण या माणसाचं असावं. स्टिंगर या अमेरिकी विमानविरोधी क्षेपणास्त्रावर शेकडो पानं लिहिली गेली आहेत, मजरूह यांच्यावर फार थोडी.

स्टिंगरचं निघालंच आहे तर लिहितो. २५ सप्टेंबर १९८६ ला जलालाबादच्या विमानतळाजवळ दबा धरून बसलेल्या टोळीनं खांद्यावरून सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी तीन सोव्हिएत हेलिकॉप्टर पाडली. त्यानंतर वैमानिक उंचावरून उडू लागले आणि खालच्या लढवय्यांना श्वास घ्यायला जागा मिळाली, हे खरंच. वापरलेली नळी परत आणून दाखवल्याशिवाय नवं क्षेपणास्त्र मिळायचं नाही, इतका कडक हिशेब होता. तो हिशेब क्षेपणास्त्रांपुरताच होता. ज्याच्या खांद्यावर ती नळी होती तो उद्या कुणावर वार करील, ते कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. पुढे उरलेली स्टिंगर गोळा करायला सीआयएला मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागले.

मात्र ‘स्टिंगरनं रशियाला हरवलं’ हे तुझं वाक्य काढून टाक. तारखा लाव. गोर्बाचेव्ह यांनी पक्षाच्या अधिवेशनात अफगाणिस्तानला वाहती जखम म्हटलं ते फेब्रुवारी १९८६ मध्ये. मॉस्कोनं काबूलमध्ये बसवलेले नेते करमल यांना बाजूला करून त्यांच्या जागी नजीबुल्लांना पुढे आणलं ते मे महिन्यात. पहिलं स्टिंगर उडालं सप्टेंबरात. निघून जायचं मन आधीच होत आलं होतं.

दुसरं वाक्य, ‘अमेरिकेनं रशियाला सापळ्यात ओढलं.’ ३ जुलै १९७९ ला कार्टर यांनी मदतीच्या आदेशावर सही केली हे पक्कं. कार्टर यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ब्रझिन्स्की यांनी १९९८ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकाला जे सांगितलं त्यावर हा सगळा डोलारा उभा आहे, आणि नंतर त्यांनीच त्या मुलाखतीबद्दल हात झटकले. ती पहिली मदत जेमतेम पाच-सात लाख डॉलरची होती आणि त्यात शस्त्रं नव्हती. मार्च १९७९ मध्ये हेरात शहर पेटून उठलं होतं, काबूलच्या कम्युनिस्ट राजवटीत अमीननं आपले नेते तराकी यांना संपवून सत्ता घेतली होती, मॉस्कोचा अमीनवरचा विश्वास उडाला होता. २७ डिसेंबरला ताजबेग राजवाड्यात सोव्हिएत तुकडीनं अमीनलाच मारलं. या निर्णयामागे मॉस्कोची स्वतःची भीती भरपूर होती. तिसरं वाक्य बिन लादेनचं. सीआयएनं त्याला थेट पैसे दिल्याचा पुरावा नाही. त्याच्यासारख्या अरबांचा पैसा वेगळ्या वाटेनं, देणग्यांतून यायचा. जलालुद्दीन हक्कानीसारखे जे सरदार त्यांना जागा देत होते, त्यांना मात्र आयएसआयकडून भरभरून मिळत होतं. जबाबदारी ठरवायची तर इथे ठरव. खोट्या आरोपानं खरा आरोप दुबळा होतो.

‘गुप्त’ या गोष्टीचाही जरा विचार कर. १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी अमेरिकी टीव्हीवर जाहीर सांगून टाकलं की इजिप्त अफगाणांसाठी शस्त्रं देतो आहे. मॉस्कोला सगळं ठाऊक होतं. अफगाणिस्तानातलं पाणी नेमक्या आचेवर उकळत राहावं, असं झिया म्हणत. म्हणजे रशियाला चटका बसावा, पण त्यानं पाकिस्तानवर चालून यावं इतका नाही. गुप्ततेनं रशियापासून फारसं काही लपलं नाही. लपलं ते अमेरिकी मतदारापासून, पाकिस्तानी नागरिकापासून, आणि हिशेब मागण्याचा हक्क असलेल्या प्रत्येकापासून. १९८७ साली अमेरिकेची वर्षाची मदत ६३ कोटी डॉलरपर्यंत गेली, त्यातलं वाटेत किती झिरपलं ते विचारायला कुणी नव्हतं. १० एप्रिल १९८८ ला ओझरी छावणीतल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि रॉकेट रावळपिंडी-इस्लामाबादच्या घरांवर पडली. शंभराच्या आसपास माणसं गेली, एक केंद्रीय मंत्रीही गेला. आपल्या शेजारी काय साठवलं आहे ते त्या शहरांना त्या सकाळी कळलं.

भारताबद्दल तू एकच परिच्छेद ठेवला आहेस, तो वाढव. १४ जानेवारी १९८० ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत परकी फौजा मागे घ्या असा ठराव १०४ विरुद्ध १८ मतांनी झाला. १८ देश तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. पाकिस्तानला मिळणारी ३२० कोटी डॉलरची मदत आणि एफ-१६ विमानं यांची चिंता रास्त होती. तरीही एका शेजाऱ्याच्या देशात परकी फौज घुसली असताना आपण ठाम बोललो नाही, आणि अफगाण लोक ते विसरले नाहीत. हे लिहायला कचरू नकोस.

आपलीही उदाहरणं शेजारी ठेव. १९७१ मध्ये आपण मुक्तिवाहिनीला मदत केली, तेव्हा समोर ताजुद्दीन अहमद यांचं हंगामी सरकार होतं, आणि त्यामागे १९७० च्या निवडणुकीचा कौल होता. मदतीला राजकीय मालक होता. श्रीलंकेत आपण अनेक तमिळ गटांना प्रशिक्षण दिलं. १९८६ मध्ये एलटीटीईनं टेलो या दुसऱ्या तमिळ गटाला संपवलं, पुढचं तुला माहीत आहे. पेशावरमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. जुलै १९८९ मध्ये, रशियन निघून गेल्यावर, तखार प्रांतात हिकमतयारच्या सरदारानं मसूदची सुमारे ३० माणसं वाटेत गाठून मारली.

एवढं लिहूनही एक सांगतो, आणि यात मला कुठलीही तडजोड नको: अफगाणांना लढण्याचा हक्क होता. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, पन्नास लाखांहून अधिक देशाबाहेर गेली, गावंच्या गावं बॉम्बखाली सपाट झाली. मदत मागणं चूक नव्हतं. मदतीच्या परिणामांवर टीका करताना तुझ्या लेखणीतून त्या शेतकऱ्याचा अपमान होता कामा नये, ज्यानं आजोबांची बंदूक उचलली तेव्हा त्याला वॉशिंग्टन कुठे आहे हेही माहीत नव्हतं. पुण्यात इतके अफगाण विद्यार्थी येऊन शिकले, अजूनही आहेत. त्यांच्यापैकी कुणाची आई, कुणाचे काका त्या रांगेत उभे राहिले असतील. त्यांच्याकडे जा, चहा पी, घाई करू नकोस. आयएसआयच्या अफगाण विभागाचे प्रमुख ब्रिगेडियर मोहम्मद युसुफ यांनी निवृत्तीनंतर सगळं लिहून ठेवलं आहे, तेही वाच, पण वाटणाऱ्यानं स्वतःच्या वाटपाबद्दल दिलेली साक्ष म्हणून वाच. हिकमतयारला जास्त का दिलं, तर तो कार्यक्षम होता म्हणून, असं ते सांगतात. मसूदला कमी का, तर त्यानं १९८३ मध्ये रशियनांशी तह केला म्हणून. या दोन्ही उत्तरांच्या मागे ड्युरंड रेषा दिसते का, ते तू शोध.

शेवटची सूचना कालमर्यादेची. तू १५ फेब्रुवारी १९८९ ला थांबतेस, सोव्हिएत फौजांचे जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमू दर्या नदीचा पूल ओलांडून गेले त्या दिवशी. तिथे थांबलीस तर ही विजयाची गोष्ट होते. त्याच महिन्यात रावळपिंडीत सात पक्षांचं ‘सरकार’ बनवलं गेलं, मार्चमध्ये जलालाबादवर चाल झाली आणि ती सपशेल फसली. अमेरिकेची बंडखोरांना आणि मॉस्कोची काबूलला, अशी मदत दोन्हीकडून चालूच राहिली, १ जानेवारी १९९२ ला ती थांबेपर्यंत. एप्रिलमध्ये नजीबुल्ला पडले, आणि ज्याला करारानं पंतप्रधानपद देऊ केलं होतं त्याच हिकमतयारची रॉकेट काबूलवर पडू लागली. रशियनांच्या काळात बरंचसं शाबूत राहिलेलं ते शहर त्यानंतरच्या चार वर्षांत उद्ध्वस्त झालं. सप्टेंबर १९९६ मध्ये तालिबान आले. तुझा शेवट तिथे हवा.

पहिलं प्रकरण कराची बंदरापासून पेशावरच्या गोदामापर्यंत लिहून पाठव. नकाशा हातानं काढ, प्रत्येक थांब्यावर माल कुणाच्या ताब्यात होता ते लिही. सात पक्षांची नावं, नेते, प्रत्येकाचा जनाधार कुठल्या प्रांतात, हेही एका पानावर हवं. दिवाळीच्या सुट्टीत ये, समोर बसून बघू.

तुझा,
सर